आकृती कोणाची? वर्गातल्या विचारसाधनांचा आढावा

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली बहुधा एक आकृती असते. मधोमध एक चौकट, तिला फुटलेले चार फाटे आणि फाट्यांच्या टोकाला चार रिकाम्या चौकटी. वर सूचना असते, ‘आकृती पूर्ण करा’, आणि उजवीकडे गुण, दोन. मराठी माध्यमातलं मूल दहावीपर्यंत अशा कितीतरी चौकटी भरतं. ही चौकट आली कुठून, कशासाठी आली आणि ज्यासाठी आली ते काम ती करते का, हे मात्र क्वचितच विचारलं जातं.

या चौकटीचं गणगोत मोठं आहे. संकल्पना-नकाशा, माइंड मॅप, ओघतक्ता, तीन रकान्यांचा तक्ता, सहा टोप्या, चित्र पाहून ठरलेल्या क्रमाने प्रश्न विचारण्याच्या पायऱ्या, दिवसाअखेरची चिंतनवही, ही सगळी विचारांना आकार देणारी साधनं. मनात चाललेलं कागदावर उतरलं की ते मुलाला स्वतःला दिसतं, शेजारच्याला दिसतं आणि बाईंनाही दिसतं, हा त्यामागचा हेतू. या साधनांनी शिकणं खरंच सुधारतं का, कोणाचं सुधारतं आणि कशा प्रकारे वापरली तर सुधारतं, यावर गेली पन्नास वर्षं चर्चा चालू आहे. ती आज कुठवर आली आहे, ते इथे पाहायचं आहे.

हे लिहिताना मी तामलवाडी डोळ्यांसमोर ठेवली आहे. सोलापूरहून तुळजापूरकडे निघालं की धाराशिव जिल्ह्याच्या हद्दीजवळ टोलनाक्याचं हे गाव लागतं. कोजागिरीला सोलापूरकडून तुळजाभवानी आईच्या दर्शनाला चालत जाणाऱ्यांची रांग याच रस्त्याने जाते. केंद्र सरकारने २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांची यादी काढली, तिच्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे होते: गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि आपला धाराशिव. पुण्या-मुंबईच्या निवडक शाळेत जमलेली गोष्ट इथे टिकते का, ही माझ्या मते कुठल्याही शैक्षणिक साधनाची खरी परीक्षा आहे. इथे एका शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता असू शकतात, घरची बोली पुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी असते आणि सुगीत काही मुलं रानात असतात.

मुळं

विचाराला ठरलेला साचा देण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. न्यायदर्शनाने वादासाठी पाच अवयवांचं वाक्य सांगितलं: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. काय म्हणायचं आहे, का म्हणायचं आहे, दाखला कोणता, तो इथे कसा लागू पडतो आणि म्हणून काय ठरलं. तेराव्या शतकात केशिराजबासांनी चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत एकत्र केले आणि प्रत्येकाला तीन भाग दिले: सूत्र, दृष्टांत, दार्ष्टांतिक. आधी तत्त्व, मग गोष्ट, मग गोष्टीतलं काय तत्त्वाला कसं जुळतं त्याचा उलगडा. मराठी गद्याच्या सुरुवातीच्याच ग्रंथांपैकी एकात हा तीन रकान्यांचा तक्ता बसलेला आहे. शाळेत आज जो ‘दाखला दे आणि तो कसा लागू होतो ते सांग’ असा प्रश्न विचारतात, त्याची जात हीच.

आजची साधनं मात्र मानसशास्त्राच्या वाटेने आली. जॉन ड्यूई यांनी १९१० साली ‘हाऊ वी थिंक’ या पुस्तकात अडचण जाणवण्यापासून पडताळून पाहण्यापर्यंतच्या विचाराच्या पायऱ्या मांडल्या. १९६० च्या दशकात डेव्हिड ऑसुबेल यांनी ठामपणे सांगितलं की नवं शिकणं हे आधीच्या ज्ञानाला अडकवावं लागतं, नाहीतर ते घोकंपट्टी होतं. त्याच विचारातून कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ च्या सुमाराला संकल्पना-नकाशा घडवला. विज्ञान शिकणाऱ्या मुलांच्या मुलाखतींचे ढीग त्यांच्याकडे होते. मुलाच्या समजुतीत वर्षागणिक काय बदललं हे त्या ढिगातून हाती लागेना, म्हणून त्यांनी संकल्पना चौकटीत लिहून त्या बाणांनी जोडायला आणि प्रत्येक बाणावर नातं लिहायला सुरुवात केली. म्हणजे हे साधन आधी मोठ्यांनी मुलांना समजून घेण्यासाठी केलं, मुलांच्या हातात ते नंतर आलं.

टोनी बुझान यांचा माइंड मॅप १९७४ पासून लोकप्रिय झाला. आपल्याकडे शाळांत या दोन्हींना सरसकट ‘माइंड मॅप’ म्हणतात, पण त्यांच्यात मोठा फरक आहे. बुझान यांच्या आकृतीत केंद्र एक आणि फांद्या अनेक. फांदीवर नातं लिहायची सक्ती नाही. नोव्हाक यांच्या नकाशात बाणावरचा शब्द हाच जीव. ‘पाणी’पासून ‘बोअर’पर्यंत नुसती रेघ ओढली तर मुलाला काहीतरी आठवलं एवढंच कळतं. रेघेवर काय लिहिलं ते पाहिलं की मूल काय समजलं ते कळतं.

१९८५ साली एडवर्ड डी बोनो यांनी सहा रंगांच्या टोप्या दिल्या: माहिती, भावना, धोका, फायदा, नवी कल्पना आणि सगळ्यांचं नियंत्रण. १९८६ साली डोना ओगल यांनी वाचनासाठी तीन रकाने सुचवले: मला काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचं आहे, काय शिकलो. हार्वर्डच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ या १९६७ पासूनच्या संशोधन गटाने पुढे छोट्या छोट्या विचारसवयी तयार केल्या. काय दिसतं, त्यावरून काय वाटतं, कशाचं कुतूहल वाटतं, ही त्यांतली सर्वांत परिचित.

महाराष्ट्रात

आपल्याकडे या साधनांचा पहिला प्रवेश बी.एड. कॉलेजांतून झाला. ब्रूस जॉइस आणि मार्शा वेल यांचं ‘मॉडेल्स ऑफ टीचिंग’ हे १९७२ चं पुस्तक. त्यातली प्रतिमानं मराठीत आली आणि ‘संकल्पना प्राप्ती प्रतिमान’, ‘उद्गामी विचार प्रतिमान’, ‘अग्रत संघटक प्रतिमान’ हे शब्द छात्राध्यापकांच्या पाठ टाचणात रुजले. अग्रत संघटक म्हणजे ऑसुबेल यांचीच कल्पना: धडा सुरू करण्याआधी त्याचा आराखडा मुलांपुढे ठेवायचा. प्रतिमान पाठ घेतला, गुण मिळाले, नोकरी लागली. पुढे रोजच्या तासाला ते प्रतिमान सोबत आलं असं फारसं झालं नाही.

दुसरी लाट ज्ञानरचनावादाची. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५, शिक्षण हक्क कायदा २००९, राज्य अभ्यासक्रम आराखडा २०१० आणि प्राथमिक शिक्षण अभ्यासक्रम २०१२, या क्रमाने ‘मूल स्वतः ज्ञान रचतं’ हे सूत्र शासकीय भाषेत आलं. ते वर्गात उतरवून दाखवलं सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटने. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलांना गटात, जमिनीवर, साहित्य हाताळत शिकतं केलं. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला जाऊ लागले. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि गावोगावच्या शाळांच्या फरशा अशा मांडण्यांनी रंगल्या. शब्दचक्र, शब्दडोंगर, वाक्यडोंगर ही नावं आज कुठल्याही पहिली-दुसरीच्या बाई सहज उच्चारतात. एक शब्द, मग दोन शब्द, मग वाक्य अशी पायरी-पायरीने रुंद होत जाणारी मांडणी म्हणजे डोंगर. मध्ये एक शब्द आणि भोवती त्याचे सोबती म्हणजे चक्र. ही अस्सल मराठी विचारसाधनं आहेत आणि ती शिक्षकांच्या हातून घडली, हे मला मोलाचं वाटतं. पण फरशी रंगवणं सोपं होतं. कुमठ्याच्या शिक्षकांनी त्याआधी मुलांबरोबर केलेली धडपड रंगाच्या डब्यातून येणार नव्हती.

तिसरी लाट परीक्षेतून आली आणि हीच सर्वांत दूरवर पोचली. २०१८ साली दहावीचा अभ्यासक्रम बदलला आणि मार्च २०१९ पासून मराठीच्या प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली. लांबलचक उत्तरं पाठ करून उतरवण्याऐवजी मुलाने उताऱ्याशी काहीतरी करावं, हा उद्देश होता आणि तो रास्त होता. आकलनासाठी आकृत्या, ओघतक्ते, चौकटी, शेवटी ‘स्वमत’. गद्य उताऱ्याला सात गुण असतील तर त्यातले तीन स्वमताचे. घोकंपट्टीची पकड त्याने काही प्रमाणात नक्की सैल केली. मात्र आकृतीचा आकार प्रश्नपत्रिका काढणारा ठरवतो. किती फाटे, कोणता मुद्दा मध्ये, कोणता कडेला, हा सगळा विचार आधीच झालेला असतो. मुलाच्या वाट्याला उताऱ्यातून चार शब्द वेचून चौकटीत ठेवणं येतं. हा फरक किरकोळ वाटेल. संशोधन मात्र नेमकं त्याच फरकावर बोट ठेवतं.

एका बाणाची गोष्ट

त्याआधी साधन जवळून पाहू. समजा, तामलवाडीच्या सहावीच्या वर्गात विषय आहे ‘आपल्या गावात पाणी कुठून येतं’. बाई फळ्यावर काही लिहीत नाहीत. मुलांना आठ चिठ्ठ्या देतात: पाऊस, विहीर, बोअर, टँकर, खडक, झाडं, तलाव, नळ. चार-चार मुलांचा गट. चिठ्ठ्या जमिनीवर मांडायच्या, खडूने बाण काढायचे, बाणावर लिहायचं.

पहिला बाण पटकन होतो: पाऊस पडला की विहीर भरते. दुसरा: टँकर विहिरीत पाणी ओततो. तिसऱ्याला अडतं. ‘खडक’ची चिठ्ठी कोपऱ्यात एकटी पडलेली आहे. एक मुलगी म्हणते, “बोअर मारताना दगडाचा भुगा वर येतो, म्हंजी खाली खडक हाय.” बाण निघाला: बोअर खडकातून जाते. मग दुसरा विचारतो, “मग पाणी खडकात कसं काय असंल?” इथे बाण थांबतो. खडूने रेघ ओढली आहे आणि रेघेवर लिहायला शब्द नाही.

हा रिकामा बाण म्हणजे या साधनाची खरी कमाई. आपला सगळा प्रदेश बेसाल्टचा. घट्ट काळ्या कातळात पाणी फारसं मुरत नाही. ते वरच्या झिजलेल्या मुरमाड थरात आणि कातळाच्या भेगांत साठतं. म्हणून एका शेतातल्या बोअरला पाणी लागतं आणि बांधापलीकडची कोरडी जाते. मुलांनी ही तफावत घरी पाहिलेली असते, तिच्यापायी झालेलं कर्जही ऐकलेलं असतं. पुस्तकातला भूजलाचा धडा आणि हा अनुभव यांच्यात असलेली फट त्या रिकाम्या बाणाने दाखवली. आता बाईंनी मुरूम, भेग, कातळ समजावून सांगितलं तर ते ऐकायला मुलं तयार आहेत, कारण प्रश्न त्यांचा आहे.

हाच नकाशा कृतिपत्रिकेत छापून आला असता तर ‘खडक’ आणि ‘बोअर’ यांच्यामधला बाण तयार असता आणि रिकाम्या चौकटीत मुलाने ‘भेगा’ लिहिलं असतं. उत्तर बरोबर, दोन गुण. प्रश्न मात्र कधी पडलाच नसता.

कोण काय म्हणतं

साधनांच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे भक्कम आधार आहे. जॉन नेस्बिट आणि ओलुसोला अडेसोपे यांनी २००६ साली संकल्पना-नकाशांवरच्या ५५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. २०१८ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्याहून मोठा, ११ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा समावेश असलेला आढावा प्रसिद्ध केला. नकाशे वापरल्याने शिकण्यात मध्यम स्वरूपाची, पण स्पष्ट वाढ दिसली. त्यातही तयार नकाशा अभ्यासणाऱ्यांपेक्षा स्वतः नकाशा काढणाऱ्यांचा फायदा बराच जास्त होता: एकीकडे ०.४३, दुसरीकडे ०.७२, असा तो परिणामाचा आकडा (जितका मोठा, तितका फायदा जास्त). दहावीच्या चौकटीबद्दल वर जे म्हटलं, त्याला हा आधार.

याच बाजूचा दुसरा मुद्दा स्वतःच्या विचारावर लक्ष ठेवण्याचा. जॉन फ्लॅव्हेल यांनी १९७० च्या दशकात या क्षमतेला नाव दिलं. मला हे समजलं आहे का, अडलं कुठे, आता काय करू, असे प्रश्न मुलाने स्वतःला विचारायचे. ही सवय लागली की सगळ्याच विषयांत फायदा होतो, आणि कमी खर्चात होतो, असं इंग्लंडमधल्या एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशनसारख्या संस्था पुराव्यांच्या आधारे सांगतात.

दुसरी बाजू ज्ञानाला अग्रक्रम देणाऱ्यांची. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ साली लिहिलेला निबंध या वादात टाळता येत नाही. नवशिक्याची तात्पुरती स्मृती तोकडी असते. त्याला मोकळं सोडून ‘तू शोध’ म्हटलं तर ओझं वाढतं, शिकणं घटतं, म्हणून स्पष्ट शिकवावं, असा त्यांचा आग्रह. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल विलिंगहॅम यांनी २००७ साली आणखी एक अडचण मांडली: चिकित्सक विचार हे विषयापासून सुटं करून शिकवता येणारं कौशल्य नव्हे. मुघल इतिहासावर चांगला विचार करणारं मूल अपूर्णांकांवर तसाच करेल याची हमी नाही. ही टीका सहा टोप्यांना सर्वांत जास्त लागू पडते. टोप्या वर्गात रंगत आणतात, बोलायला लाजणाऱ्या मुलाला ‘आता काळी टोपी घाल आणि धोके सांग’ म्हटलं की धीर येतो. पण त्याने शिकणं टिकाऊपणे सुधारल्याचा पुरावा विरळ आहे. किर्शनर आणि सहकाऱ्यांच्या निबंधाला २००७ साली सिंडी मेलो-सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं की चांगल्या शोधाधारित वर्गात मूल मोकळं सोडलेलं नसतंच, त्याला पायरी-पायरीवर आधार असतो. मला वाटतं, आठ चिठ्ठ्यांचा तो वर्ग या उत्तराच्या जवळ जातो. चिठ्ठ्या बाईंनी निवडल्या होत्या आणि अडल्यावर शिकवलंही त्यांनीच.

तिसरी भूमिका अनपेक्षित दिशेने आली. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात जेफ्री कार्पिकी आणि जॅनेल ब्लंट यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला आणि २०११ साली ‘सायन्स’ नियतकालिकात मांडला. एका गटाने पाठ समोर ठेवून संकल्पना-नकाशा काढला. दुसऱ्याने पाठ वाचून, मिटून, आठवेल ते लिहिलं. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे होते. नकाशावाल्यांना धक्का बसला. पण २०१४ साली त्याच दोघांनी पुढचा प्रयोग केला, त्यात नकाशा पाठ मिटून, आठवणीतून काढायला लावला. तेव्हा तो परिच्छेद लिहून आठवण्याइतकाच उपयोगी ठरला. म्हणजे भांडण नकाशा आणि आठवण यांच्यात नव्हतं. पुस्तक उघडं आहे की मिटलेलं, हा मुद्दा होता. शिक्षकाला लगेच उचलता येईल असा या सगळ्या वादातला हा सर्वांत स्वस्त धडा आहे.

चौथी भूमिका आपल्या मातीतली: आधी वाचायला येऊ द्या, मग विचारसाधनं. तिच्यामागे कळकळ आहे. २०२४ च्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतल्या निम्म्याहून थोड्या कमी मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२१ पासूनचं निपुण भारत अभियान याच काळजीतून आलं. पण वाचन आधी आणि विचार नंतर, हा क्रम खरा आहे का? शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी ‘लिरिल’ या अभ्यासात महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातल्या आणि कर्नाटकात यादगीरमधल्या मुलांचा पहिली ते तिसरी असा तीन वर्षं मागोवा घेतला. त्यांना दिसलं की वर्गातला बहुतेक वेळ अक्षरं आणि बाराखडीत जातो, आणि अर्थाबद्दल बोलणं पुढे ढकललं जातं. ते ‘पुढे’ फार उशिरा येतं. उलट प्रथम संस्थेच्या पातळीनुसार शिकवण्याच्या कार्यक्रमात वाचता न येणाऱ्या मुलांबरोबरही माइंड मॅप घेतात. मुलं तोंडी शब्द सांगतात, मोठं माणूस ते लिहितं, मग त्याच शब्दांतून वाचन सुरू होतं. इथे साधन वाचनाच्या पुढची पायरी राहिलेलं नाही, वाचनात शिरण्याची वाट झालं आहे. या वादात माझं मत लिरिल आणि प्रथम यांच्या बाजूला झुकतं.

बाणावरची मराठी

एका प्रश्नाकडे आपण पुरेसं लक्ष दिलेलं नाही, तो भाषेचा. संकल्पना-नकाशा इंग्रजीत जन्मला. इंग्रजीत कर्ता, क्रियापद, कर्म असा क्रम असल्याने चौकट, बाण, चौकट हे वाक्यासारखं सलग वाचता येतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नाती विभक्तीत बसलेली असतात. ‘मूळ’, बाणावर ‘शोषतं’, पुढे ‘पाणी’, हे ‘मूळ शोषतं पाणी’ असं वाचावं लागतं. मूल ते कसंबसं लिहितं, पण आपण असं बोलत नाही. म्हणून मुलं बाणावर काहीच लिहीत नाहीत, आणि बाण मुका राहिला की नकाशाचा माइंड मॅप होतो.

यावर उपाय आहे. मराठीत नातं सांगणारे जोडशब्द फार समर्थ आहेत: म्हणून, त्यामुळे, तरीही, -पासून, -शिवाय, असेल तरच. बाणावर क्रियापदाऐवजी यांतलं एक लिहायचं आणि वाक्य तोंडी पूर्ण करायचं. ‘पाऊस पडला, तरीही, बोअर कोरडी.’ या ‘तरीही’मध्ये आख्खा भूजलाचा धडा दडलेला आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात मीना खरातमल आणि जी. नागार्जुन यांनी नेमक्या याच जागेवर काम केलं आहे: बाणावरचे संबंधदर्शक शब्द मोजके आणि काटेकोर ठेवले तर जीवशास्त्रातले नकाशे किती स्पष्ट होतात, हे त्यांनी दाखवलं. मराठीसाठी असा शब्दसंच कोणीतरी वर्गात बसून घडवायला हवा. त्याच केंद्राने १९७० च्या दशकात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोड्याच्या परिसरातील शाळांत काम केलं होतं. विज्ञान शिकताना पुस्तकी भाषाच मुलांच्या आड येते, हा त्या काळच्या त्यांच्या कामाचा एक धडा होता.

बोलीचा मुद्दाही यातच आला. तीन रकान्यांच्या तक्त्यात पहिल्या रकान्यात मुलाने ‘बोरला पानी नाय’ लिहिलं तर ते शुद्धलेखन सुधारून घेण्याची जागा नव्हे. विचार मोकळा होण्यासाठी केलेला रकाना लाल शाईने भरला तर पुढच्या वेळी मूल पुस्तकातलंच वाक्य उतरवेल.

मागे वळून पाहणं

साधनांचा दुसरा अर्धा भाग चिंतनाचा. आज काय शिकलो, कुठे अडलो. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली व्यावसायिकांच्या चिंतनाबद्दल लिहिलं आणि ते शिक्षक-प्रशिक्षणात आलं. २०१४ नंतरच्या दोन वर्षांच्या बी.एड. अभ्यासक्रमात चिंतनपर लेखनाला जागा मिळाली. मुलांसाठी आपल्याकडे झालेला सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे २०२३-२४ पासून बालभारतीच्या पुस्तकांत घातलेली कोरी पानं. वर शीर्षक, ‘माझी नोंद’. दप्तराचं ओझं कमी व्हावं आणि मुलांनी धडा चालू असतानाच आपल्या शब्दांत टिपावं, हे दोन्ही हेतू होते. पानांचा अपेक्षित वापर झाला नाही, मुलं वेगळी वही आणतच राहिली, आणि जानेवारी २०२५ मध्ये शासनाने ही योजना मागे घेतली.

या अपयशाची घाईने वासलात लावू नये. पान कोरं होतं, पण त्यावर काय लिहायचं हे कुणी मुलाला करून दाखवलं होतं का? प्रश्नोत्तरं लिहायला मूल सरावलेलं असतं; स्वतःचा गोंधळ लिहायला नसतं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची कथाही अशीच. ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने शिक्षकाला प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी ठेवायला सांगितल्या. कल्पना उत्तम. काही काळातच नोंदींच्या तयार वाक्यांची पुस्तकं बाजारात आली, कारण पटावरच्या प्रत्येक मुलाबद्दल, प्रत्येक विषयात खरी निरीक्षणं लिहायला वेळ कुणाकडे नव्हता. आता राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार समग्र प्रगती पत्रक येत आहे. त्यात मुलाचं स्वयंमूल्यमापन आहे, सोबत्यांनी केलेलं मूल्यमापन आहे. त्याचीही अशीच तयार वाक्यं होतील का, हे पहिल्या दोन-तीन वर्षांतच ठरेल.

काय अनिर्णित आहे

नकाशासारख्या साधनांचा फायदा होतो, यावर आता फार मोठा वाद उरलेला नाही. वाद आहे तो अटींवर. बहुतेक प्रयोग काही आठवड्यांचे आहेत, मोठ्या मुलांवरचे आहेत, आणि इंग्रजी किंवा इतर युरोपीय भाषांतले आहेत. दोन शिक्षकी शाळेत, जिथे एका खोलीत तिसरी-चौथी एकत्र बसते, तिथे नकाशासाठी लागणारा निवांत अर्धा तास कुठून आणायचा, याचं उत्तर आकड्यांत नाही. माझ्या मते बहुवर्ग शाळेत ही साधनं उलट जास्त कामाची ठरावीत, कारण एक वर्ग चिठ्ठ्या मांडत असताना बाई दुसऱ्याला शिकवू शकतात. हे पडताळून पाहण्याची जागा म्हणजे केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, दरमहा होणारी शिक्षण परिषद. तिथे परिपत्रकं वाचण्याऐवजी दहा मुलांचे खरे नकाशे जमिनीवर पसरून पाहिले तर शिक्षकांना एकमेकांकडून पुष्कळ मिळेल.

गुण द्यायचे की नाही, हाही प्रश्न सुटलेला नाही. गुण नसतील तर दहावीकडे डोळे लागलेल्या पालकांना ते खेळ वाटतात. गुण दिले की गाइडमध्ये तयार आकृत्या येतात. २०२३ पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षेचं महत्त्व आल्याने हा ताण प्राथमिक शाळेतही वाढणार. आणि आता संगणकाला धडा दिला की क्षणात नेटका माइंड मॅप काढून मिळतो. शिक्षकाचा वेळ त्याने वाचेल हे खरं, पण स्वतः काढणाऱ्याचा ०.७२ आणि तयार अभ्यासणाऱ्याचा ०.४३, हे आकडे इथेही विसरता येणार नाहीत.

नव्या राज्य आराखड्यानुसार पाठ्यपुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलत आहेत, आणि दहावीची कृतिपत्रिकाही कधीतरी बदलेल. त्या समितीत बसणाऱ्यांना एक विनंती. ‘आकृती पूर्ण करा’ हा प्रश्न राहू द्या, पण त्याच्या शेजारी, दोनच गुणांचा का होईना, एक प्रश्न असा ठेवा की ज्याच्याखाली कागद कोरा असेल आणि सूचना असेल, ‘आकृती काढा’. तपासणाऱ्याला तो जड जाईल, नमुना उत्तर देता येणार नाही, तरीही तो ठेवा.